राजाची अडीच घरे

बुद्धिबळाविषयी लिहावयाचे म्हटले की लेखकाची लेखणी आपोआप जगज्जेत्यांकडे वळते. त्यात तिचा फारसा दोष नाही. त्यांचे डाव छापलेले असतात, त्यांवर टीका-टिप्पणी झालेली असते, त्यांचे स्वभाव, रुसवेफुगवे, आहार-विहार हे सारे नोंदलेले असते. पण दर दिवशी जगात जे असंख्य डाव मांडले जातात आणि मोडले जातात, त्यांतील जगज्जेत्यांचे किती? चिमूटभर. बाकीचे सारे हौशी लोकांचे. वकिलाचे, मास्तराचे, कारकुनाचे, औषधाच्या दुकानात बसणाऱ्याचे, शाळेत जाणाऱ्या मुलीचे. या मंडळींना खेळून काही मिळवायचे नसते. हरल्यावर जेवण मात्र गोड लागत नाही. असे हे हौशी लोक अंगणातून, ओसरीवरून उठून स्पर्धेच्या मेजापाशी कसे येऊन बसले, ही एक हकीकतच आहे. आणि दिवाळीच्या सुटीत घरोघर पट मांडले जात असताना ती सांगण्यास हरकत नसावी.

हकीकत सुरू करण्यासाठी बुलढाण्यासारखे दुसरे गाव नाही. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, हवा थंड, वस्ती कचेऱ्यांची. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले आणि पुढे या थंड जागी जिल्ह्याचे ठाणे झाले. जिथे कचेरी तिथे वकील, जिथे वकील तिथे तारखा आणि जिथे तारखा तिथे रिकामा वेळ! मेहकर, चिखली, मलकापूर येथून आलेल्या पक्षकाराचा पुकारा दुपारपर्यंत झाला नाही तर त्याने करावे काय? पानसुपारी होते, पिकापाण्याच्या गोष्टी होतात आणि कुणीतरी पिशवीतून सोंगट्या काढतो. वऱ्हाडातच कशाला, महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीच्या गावी हेच चित्र दिसेल. बुद्धिबळाने आपल्याकडे राजवाड्याइतकाच न्यायालयाचा आश्रय घेतला आहे, असे माझे मत आहे.

आता हा खेळ कोणता? आजच्या मुलाला तो दाखवला तर तो म्हणेल, हे बुद्धिबळ नव्हेच. आपला जुना पट काळ्यापांढऱ्या घरांचा नसे. एकरंगी कापडावर दोऱ्याने रेघा टाचून चौसष्ट घरे पाडलेली असत. राजा, वजीर, उंट, घोडा, हत्ती, प्यादे ही नावे तीच. पण चाली आणि रिवाज यांत मोठा फरक. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचे. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडायला फार वेळ लागे. तोवर जो तो आपली मांडणी नीट लावून घेई. उंट कोपऱ्यात दडवी, घोडे जोरात आणून ठेवी. प्यादे शेवटच्या घरी पोचले की मनास येईल ते मोहरे मागता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले तेच मोहरे व्हायचे. घोड्याच्या घरी पोचलेल्या प्याद्याने वजीर होण्याची हाव धरू नये, असा तो न्याय होता.

विलायती खेळात राजा आणि हत्ती यांची अदलाबदल करून राजाला किल्ल्यात घालता येते. आपल्याकडे किल्ला नव्हता. त्याऐवजी राजाला उभ्या डावात एकदा घोड्याची चाल मिळे. राजाने अडीच घरे उडी मारायची आणि सुरक्षित जागी जाऊन बसायचे. अट एवढीच, की तोवर त्याला शह लागलेला नसावा. एकदा शह बसला की अडीच घरे गेली. म्हणून जाणता खेळाडू मोहरे मारण्यापूर्वी पहिला शह देण्याची संधी शोधी, आणि दुसरा ती अडीच घरे मुठीत जपून ठेवी.

डाव जिंकला एवढ्यानेही भागत नसे. कसा जिंकला हे पाहिले जाई. प्रतिपक्षाची सारी मोहरी खाऊन राजा एकटा उघडा पाडला, तर ती बुर्जी. म्हणजे जिंकणाऱ्याची अब्रू अर्धीच राहिली. म्हणून शेवटी शेवटी शत्रूचे एखादे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवायचे, त्याला सांभाळत सांभाळत मात करायची. आणि मातेतही सर्वांत मानाची ती प्यादेमात. हत्तीने, वजिराने कुणीही मारील. प्याद्याने राजा कोंडला तर ती खरी करामत! गावोगाव या नियमांत थोडेथोडे अंतर असे, आणि परगावचा खेळाडू आला की पहिला अर्धा तास खेळण्याऐवजी नियम ठरवण्यातच जाई. मला तर वाटते, त्या अर्ध्या तासाची गोडीही डावापेक्षा कमी नसावी.

या दोन पद्धतींचा मिलाफ करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पेशवाईच्या अखेरीस झाला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाचे एक दाक्षिणात्य विद्वान होते. दुसऱ्या बाजीरावाच्या संबंधाने त्यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचेच इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईस छापून निघाले. त्यातील डाव युरोपियन पद्धतीला जुळवून घेतले असल्याचे ग्रंथाच्या नावातच सांगितले होते. पुस्तकात प्रामुख्याने डावांच्या अडचणीच्या मांडण्या आहेत: अमुक मोहरी अमुक घरी, इतक्या खेळ्यांत मात करून दाखवा. चारच वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाईचाच डाव उठला. दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यातून टिकाऊ असे फार थोडे हाती लागले. त्या थोड्यात हे पुस्तक धरावे लागते. पुढे १८९३ साली पुण्यास विनायक राजाराम टोपे यांनी मराठीत बुद्धिबळावर पुस्तक काढले, आणि हॅरोल्ड मरे या इंग्रज पंडिताने १९१३ साली बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास लिहिला त्यात आपल्या देशी खेळाचे वर्णन करताना अशा हिंदी ग्रंथांचा आधार घेतला.

पण पुस्तके वेगळी आणि पटावरची गाठ वेगळी. देशी खेळाडू आणि विलायती खेळाडू समोरासमोर बसले, त्याची सर्वांत चांगली नोंद आपल्याला कलकत्त्याची मिळते. जॉन कॉक्रेन हा तेथला बॅरिस्टर. तरुणपणी पॅरिसला जाऊन त्याने फ्रान्सच्या नामांकित खेळाडूंशी सामने केले होते, १८२२ मध्ये बुद्धिबळावर ग्रंथही लिहिला होता. कलकत्त्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. १८४८ च्या सुमारास त्याच्या कानावर आले की मुफस्सलात एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे कधी हरलेला नाही. मुफस्सल म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याचे, खेड्यापाड्याचे. बुलढाण्याच्या माणसाला हा शब्द ऐकून जवळचा वाटावा. क्लबातला एक गृहस्थ सुटीत तिकडे गेला, त्याने या ब्राह्मणाशी डाव केले आणि त्याला कलकत्त्यास आणले. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजांनी त्याचे ‘बॅनर्जी’ केले.

महेशचंद्र देशी नियमांवर वाढलेला. विलायती नियम त्याने बसल्या बैठकीला आत्मसात केले असावेत, पण हात मात्र देशीच राहिला. कॉक्रेन आणि तो पुढे वर्षानुवर्षे खेळले आणि त्यांचे डाव इंग्लंडातल्या बुद्धिबळाच्या मासिकांतून छापून आले. दोघेही हौशी. एकाचा धंदा वकिली, दुसरा खेड्यातला ब्राह्मण. बक्षीस नाही, पंच नाही, घड्याळ नाही. तरी १८५५ च्या मे महिन्यातला त्यांचा एक डाव आजही बुद्धिबळाच्या पुस्तकांत छापला जातो. तो मांडून पाहण्यासारखा आहे.

पांढरी मोहरी कॉक्रेनची. त्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. त्या काळच्या रीतीप्रमाणे काळ्याने समोर प्यादे आणून भिडायचे. महेशचंद्राने तसे केले नाही. त्याने राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. मग घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवले, म्हणजे उंटाला कोपऱ्यातून लांब कर्णावर नजर ठेवता यावी. ही आपल्या ओसरीवरची मांडणी! प्यादे एकेक घर चालणाऱ्या खेळात ज्याने हयात घालवली त्याला ती सुचणे साहजिक होते. तिसऱ्या खेळीला मात्र त्याने विलायती नियमाचा फायदा घेऊन वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे फेकले. पांढऱ्याला मध्यभाग घेऊ द्यावा आणि मग दुरून तो पोखरावा, असा एकूण बेत.

गोरे समीक्षक या खेळाला विक्षिप्त समजत. पण १९२२ साली अर्न्स्ट ग्र्यूनफेल्ड या व्हिएन्नाच्या खेळाडूने हीच मांडणी मोठ्या स्पर्धांतून आणली आणि तिला त्याचे नाव मिळाले. कॉक्रेनशी झालेल्या त्या डावाला तेव्हा सदुसष्ट वर्षे होऊन गेली होती. महेशचंद्राचे नाव त्या मांडणीला लागले नाही. पण वजिराच्या प्याद्याला घोड्याने उत्तर देण्याच्या साऱ्या पद्धतींना आज जगभर ‘इंडियन’ म्हणतात, ते मुळात याच डावांवरून. पुढारलेल्या स्पर्धांत जेव्हा खेळाडू ‘किंग्ज इंडियन’ किंवा ‘निम्झो-इंडियन’ मांडतात, तेव्हा मुफस्सलातला हा गृहस्थ हळूच डोकावून जातो.

डाव मात्र तो हरला. आणि हरला तो मोठ्या थाटाने! कॉक्रेनने पंधराव्या खेळीपासून हत्तीने काळ्या वजिराला हुसकत माघारी घरी पाठवले, आणि मग आपला घोडा काळ्या राजाच्या अंगावर सोडला. महेशचंद्राने एक उंट मारून घेतला. हिशेबाला तो वाजवी होता. पण त्याच क्षणी पांढऱ्या घोड्याने राजाच्या शेजारचे प्यादे उडवले. त्या घोड्याला मागून वजिराचा जोर, म्हणून राजाला तो मारता येईना. महेशचंद्राने आपला घोडा टाकून त्या वजिरावरच चाल केली. वजीर हलला की घोड्याचा जोर जातो, असा त्याचा विचार असावा. वजीर हलला नाही. घोडा उडाला आणि राजाला एकाच वेळी दोन शह लागले: एक घोड्याचा, एक त्याच्या मागे दडलेल्या वजिराचा. राजा कोपऱ्यात पळाला. मग कॉक्रेनने आपला वजीर नेऊन थेट राजाच्या मांडीशी बसवला. राजा त्याला मारू शकत नाही, कारण आता घोड्याचा जोर. हत्तीने मारावा लागतो. हत्तीने मारला, आणि राजाच्या शेजारची मोकळी जागा त्याच्याच हत्तीने अडवली. एका बाजूला हत्ती, समोर प्यादे, बगलेला उंट, सारे आपलेच. घोड्याने परत येऊन शह दिला आणि राजाला श्वास घ्यायलाही घर उरले नाही. एकवीस खेळ्यांत डाव खलास.

कॉक्रेन १८७८ साली लंडनला वारला. महेशचंद्राच्या आयुष्याविषयी त्याच्या डावांइतकी नोंद कुणी ठेवली नाही. हौशी माणसाचे हे असे असते. बॅरिस्टराला पत्ता असतो, मुफस्सलवाल्याला फक्त डाव.

हे डाव चालले होते त्याच सुमारास तिकडे लंडनात स्पर्धा नावाची वस्तू जन्माला येत होती. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉवर्ड स्टाँटन याने सोळा खेळाडू जमवले. हरेल तो बाद, जिंकेल तो पुढे. पहिला आला अडॉल्फ अँडरसन, ब्रेस्लाउचा एक शाळामास्तर, गणित शिकवणारा. दुसरा आला मार्मड्यूक विव्हिल, पार्लमेंटचा सभासद. स्टाँटन स्वतः चौथा आला आणि त्याचे खापर त्याने प्रतिपक्षाच्या संथपणावर फोडले. एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू एकेका खेळीला इतका विचार करी की समोरचा झोपेला यावा. तेव्हा वेळेचे बंधनच नव्हते. दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, अँडरसनच्या एका सामन्यात वाळूची घटिकायंत्रे आली, आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने बनवलेले दुहेरी घड्याळ मेजावर येऊन बसले. एकाचे बंद केले की दुसऱ्याचे चालू होते, अशी ती जोडी. ओसरीवरचा डाव आणि स्पर्धेचा डाव यांतले खरे अंतर प्याद्याच्या दोन घरांत नाही, या घड्याळात आहे.

मुफस्सलातल्या हौशी माणसाला स्पर्धेत जे जड जाते ते हेच. त्याला शत्रूची भीती नसते. त्याची सारी भीती रिवाजांची असते. ओसरीवर चार बघे बसलेले असतात आणि प्रत्येकाला खेळी सुचत असते. ‘अहो, घोडा काढा!’ असे ओरडणारा डाव खेळणाऱ्यापेक्षा जास्त रंगात येतो. खेळी परत घेण्याचीही मुभा असते; मोठ्या माणसाने परत घेतली तर ती चूक नसून फेरविचार असतो. स्पर्धेत पहिला नियम असा की मोहऱ्याला हात लागला म्हणजे ते खेळलेच पाहिजे. दुसरा असा की प्रत्येक खेळी स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची. तिसरा असा की बोलायचे नाही. जन्मभर बोलत बोलत खेळलेल्या माणसाला हा तिसरा नियम फाशीहून कठीण वाटला तर नवल नाही. तालुक्याच्या गावी शाळेच्या वर्गात बाके सरकवून स्पर्धा भरते तेव्हा पाहावे. पंचाने शांततेची सूचना दिलेली असते, खिडकीबाहेर बघ्यांची गर्दी असते, आणि आत एखादे पिकल्या मिशांचे गृहस्थ ओठ घट्ट मिटून बसलेले असतात. घड्याळाचे बटण दाबायचे त्यांच्या तीनदा राहून जाते. समोरचे पोरगे मात्र खेळी केली की बटण दाबते, लिहिते आणि छताकडे बघते.

विलायती पद्धत वऱ्हाडात केव्हा आली याची तारीख सांगता येणार नाही, पण वाट कोणती हे सांगता येईल असे वाटते. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळवरून नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने झाली. जलंबहून खामगावला फाटा गेला, कारण खामगावचा कापूस. कापसाबरोबर दलाल आले, दलालांमागून बँका, तारमास्तर, इंग्रजी शाळा, कॉलेजात जाणारी मुले. सुटीत घरी परतणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत काळ्यापांढऱ्या घरांचा पुठ्ठ्याचा पट असे. घरात मग दोन बुद्धिबळे नांदू लागली.

या दुहेरी काळाचा सर्वांत अद्भुत माणूस म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. देशी नियमांचा खेळाडू, एका जमीनदाराच्या पदरी असलेला. विलायती नियम त्याने विशीत शिकले, १९२८ मध्ये अखिल हिंदुस्थानची स्पर्धा जिंकली, आणि १९२९ मध्ये थेट इंग्लंडचे विजेतेपद घेतले. पुन्हा १९३२ मध्ये घेतले, पुन्हा १९३३ मध्ये. हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. मग मालक परतला तसा तोही परतला, आणि १९६६ साली वारेपर्यंत शेती करत राहिला. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा किताब २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी दिला. अशा उशिराच्या मानाबद्दल काय बोलावे!

महाराष्ट्रात हौशी खेळाला घर दिले ते सांगलीने. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि जन्मभर ते चालवले. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्रात एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या या दोघांत वाटले गेले. पहिल्याच राष्ट्रीय विजेत्यांत एक मराठी नाव आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. सर्व खेळाडू तेव्हा हौशीच होते. बुद्धिबळावर पोट भरण्याची सोयच देशात नव्हती.

आणि मग १९७६ साल आले. माझ्या मते आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची खेळी या साली झाली, आणि ती पटावर झालीच नाही.

‘नवाकाळ’ हे दैनिक नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली काढले. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर पुढे त्याचे संपादक झाले. त्यांना तीन मुली: वासंती, जयश्री आणि रोहिणी. तिघीही बुद्धिबळ खेळत. १९७४ मध्ये देशात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे ते अजिंक्यपद या एका घराबाहेर फारसे गेले नाही. धाकटी रोहिणी १९६३ सालची. १९७६ मध्ये, तेरा वर्षांची असताना, तिने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यासाठी पाऊल टाकले, आणि एकच गिल्ला झाला. स्त्रियांसाठी निराळी स्पर्धा असताना मुलगी पुरुषांत कशी? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथून ते जागतिक संघटनेच्या अध्यक्षांपुढे गेले.

आता गंमत पाहावी. हे अध्यक्ष होते डॉक्टर मॅक्स यूव्हे, हॉलंडचे. हे स्वतः हौशी! १९२८ मध्ये हेगला झालेली हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली होती, आणि १९३५ मध्ये अलेखिनला हरवून ते सर्व जगाचे अजिंक्य झाले तेव्हाही त्यांचा पोटापाण्याचा धंदा शिक्षकाचा होता. आणि हे गणित ते शिकवत कुठे? अ‍ॅमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत. ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे मुलींना बीजगणित शिकवण्यात घालवली, त्याच्यापुढे हा प्रश्न आला की मुलीला पुरुषांशी डोके लढवू द्यावे काय. त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्रीला वगळता येणार नाही. तो निर्णय नुसत्या मुंबईच्या मुलीपुरता नव्हता. साऱ्या जगाला लागू झाला.

रोहिणी खेळली. त्या स्पर्धेत तिने गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवले. त्या तीन गृहस्थांचे त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना करवत नाही. तेरा वर्षांची मुलगी, समोर घड्याळ, बोलायला बंदी, खेळी परत घेणे नाही, आणि बाहेर वर्तमानपत्रवाले. हरण्याचे दुःख निराळे, आणि हरलो ही बातमी सकाळच्या चहाबरोबर साऱ्या गावाने वाचावी याचे दुःख निराळे. पण ते बसले आणि शेवटपर्यंत खेळले, याचेही श्रेय त्यांना द्यावयास हवे. रोहिणीने त्याच वर्षी स्त्रियांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, पुढे १९८१ मध्ये हैदराबादेस आशियाचे मिळवले, १९८३ मध्ये पुन्हा मिळवले.

या प्रकरणात मला एक विनोद दिसतो, तो सांगतो. आपल्या पटावर स्त्री नाहीच. राजाशेजारी वजीर उभा असतो. पुरुष, आणि तोही नोकरीतला. हा खेळ अरबांच्या हातून युरोपात गेला तेव्हा हजारेक वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी वजिराला काढून त्या जागी राणी बसवली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटावरचे सर्वांत अधिक बळ दिले. त्याआधी ते मोहरे एक घर तिरपे चालणारे, दुबळे होते. म्हणजे पटावर राणीला सर्वाधिकार देऊन पाचशे वर्षे झाली होती, आणि पटाजवळ मुलीला बसू द्यावे की नाही हे ठरवायला १९७६ साल उजाडावे लागले.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. नाशिकचा विदित गुजराथी त्यांच्यामागून आला. विदर्भाची पाळी उशिरा आली, पण आली ती वाजतगाजत. नागपूरच्या रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता यांनी हा किताब मिळवला, आणि २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमी शहरी नागपूरच्याच दिव्या देशमुखने स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामना कोनेरू हंपीशी, म्हणजे आपल्याच देशातल्या सर्वांत नामांकित खेळाडूशी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांतला पहिला बरोबरीत आणि दुसरा, २८ जुलैला, काळी मोहरी घेऊन दिव्याने जिंकला. वय एकोणीस. त्या एका विजयाने ती देशाची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. बुलढाणा, अकोला, अमरावतीकडच्या आईबापांनी त्या दिवसापासून आपल्या मुलींकडे थोडे निराळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली असेल, तर त्यांना दोष देऊ नये. फक्त पोरीला पहाटे चारला उठवू नये, एवढीच विनंती.

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांतून आता मुलेमुली एकाच यादीत असतात. पहिल्या फेरीत कुणाची गाठ कुणाशी पडेल सांगता येत नाही. एका मेजावर निवृत्त शिक्षक आणि सातवीतली मुलगी, दुसऱ्यावर किराणा दुकानदार आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी. डाव संपला की दोघे कागदावर सही करतात, हात मिळवतात आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन तोच डाव पुन्हा मांडतात. तेथे बोलायला बंदी नसते. तेथे खेळी परत घेता येते, बघ्यांना सल्ला देता येतो, आणि ‘इथे मी घोडा काढला असता तर’ हे वाक्य मनसोक्त उच्चारता येते. हरलेल्याचा आवाज नेहमी मोठा असतो.

देशी नियमांचा खेळ सांभाळणारी माणसे आता थोडीच उरली. पण ती सुटीत नातवंडांपुढे पट मांडतात आणि ऐन मोक्याला राजा उचलून अडीच घरे पलीकडे ठेवतात. नात हरकत घेते. आजोबा म्हणतात, एकदा चालते, अजून शह कुठे लागलाय? नात नियमांचे पुस्तक आणायला आत धावते; आणि ती परत येईपर्यंत आजोबांनी राजाभोवती दोन प्यादी नीट लावून घेतलेली असतात.